लिंबोणीवरची चादर

ती कापडाच्या गुलाबात चोच खुपसत होती. आधी मला वाटलं, माझेच डोळे. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या, फाटक गुडघ्यानं ढकललेलं, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलेलं. अशा वेळी माणसाला काहीही दिसतं. पण नाही. परसातल्या लिंबोणीवर पांढरी चादर घातलेली होती, चादरीवर लाल धाग्यानं गुलाब भरलेले होते, आणि त्यांतल्या एका गुलाबासमोर माझी हमिंगबर्ड हवेत उभी होती. चोच घालायची, मागं सरायची, शेजारच्या गुलाबाकडे जायची, पुन्हा पहिल्याकडे यायची. तिला मध नको होता. हे मला एका क्षणात कळलं. कारण त्या गुलाबाच्या बरोब्बर मागं, कापडाच्या आत, तिचं घरटं होतं आणि घरट्यात कालपरवा अंड्यातून निघालेली पिलं होती, अंगावर पिसाचा पत्ता नसलेली.

"बघत काय उभी राहिलीस? फाटक लाव, वारा येतोय," चेलो म्हणाली. चेलो माझी थोरली बहीण. मागच्या पडवीत खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडी घेऊन बसली होती, केस विस्कटलेले, आणि तोंडावर असं काही होतं जे मी ऑक्टोबरपासून पाहिलेलं नव्हतं. "मी घातली चादर. एकटीनं! झाडूच्या दांड्यानं वर ढकलली. चिमटे दातांनी उघडले. आता म्हण बघू, चेलोच्यानं काही होत नाही."

मी "शाब्बास" म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं. हीच तर पंचाईत होती.

ऑक्टोबरात एका सकाळी कॉफीचा कप तिच्या उजव्या हातातून निसटला. ती वाकून त्या तुकड्यांकडे बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा कप फुटल्यासारखी. तेव्हापासून तो हात तिच्या मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. अर्धांगाचा झटका आहे, हात परत येईल, डॉक्टरीणबाई म्हणाली, पण चेलोनं मनावर घेतलं तर. चेलोनं मनावर घेतलं नाही. दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो चेलोनं पहिल्याच दिवशी माझ्याकडे टाकला. "कुत्र्याला दे." मी म्हटलं, "आपल्याकडे कुत्रा कुठाय?" तर म्हणाली, "मग आण." त्यानंतर तिनं विनोदही केला नाही. जिनं आयुष्यभर या घरात हुकूम सोडले, मी नवरा वारल्यावर एल पासोहून परत आले तेव्हा जिनं दारातच सांगितलं की तुझी खोली झाडून ठेवलीये, टॉवेल कडेला वाळत घालायचे, ती बाई भिंतीकडे तोंड करून बसू लागली. आमच्याकडे रोजचं जेवण म्हणजे घेवडा आणि मैद्याच्या पातळ भाकऱ्या. ती भाकरी तिच्या डाव्या हातात तोडून देताना माझे डोळे भरायचे आणि ती म्हणायची, रड, रड, मीठ कमीच आहे. मग तेही म्हणेनाशी झाली. आणि आज मी तासाभरासाठी बाजारात काय गेले, हिनं उठून झाड झाकलं होतं! झाड म्हणजे तिचा जीव. बाबांनी सीमेपलीकडच्या माग्दालेनाहून ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेलं रोप. मागं एकदा मोठा गारठा पडला, जेव्हा शंभर शंभर वर्षांचे सग्वारो निवडुंगसुद्धा आतून फुटून आडवे झाले, तेव्हा लिंबोणी बुंध्यापर्यंत काळी पडली. सगळे म्हणाले उपटा. चेलोनं तीन उन्हाळे त्या काळ्या खुंटाला पाणी घातलं, आणि चौथ्या वर्षी लिंबं आली. म्हणून लिंबोणी आता फार उंच नाही, पसरट आहे, आणि म्हणूनच एका हाताची म्हातारी तिच्यावर चादर टाकू शकली.

तशी गारठ्याच्या संध्याकाळी आमची गल्ली बघण्यासारखी असते. ज्याच्या त्याच्या परसात चादरी चढतात, कुणाच्या घरात कसलं अंथरूण आहे ते सगळ्या जगाला कळतं. फाटकी, डागाळलेली, पोरांच्या लहानपणीची, मोटारींच्या चित्रांची. निवडुंगांच्या शेंड्यांवर कागदी पेल्यांच्या टोप्या. चादरीखाली जुने नाताळचे दिवे सोडतात, जुनेच, कारण नवे दिवे नुसते उजेड पाडतात, ऊब देत नाहीत. आमच्या झाडावर ते नाताळपासून तसेच होते, चेलोनं नुसतं बटण दाबलं होतं. आमच्या झाडाच्या तीन जुन्या चादरी होत्या, पण त्या मी वेंधळेपणानं माळ्यावर वरच्या फळीत कोंबून ठेवल्या होत्या, तिचा हात पोचणार नाही अशा. आणि म्हणून तिनं आपल्या पलंगापायथ्याची पेटी उघडली होती. म्हणून ही चादर. लग्नाची चादर. मी ती शेवटची पाहिली तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या आणि पुढचे दात पडलेले होते.

हमिंगबर्ड तारेवर जाऊन बसली. एवढीशी, करड्या पोटाची, पाठ हिरवी. नराच्या गळ्यासारखा गुलाबी झगझगाट तिला नाही. डोकं इकडे, डोकं तिकडे. सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकायला आला होता. दिवसभर उत्तरेचा वारा होता आणि आता तो पडत चालला होता, ढग फाटून आभाळ निवळत होतं, आणि इथं जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की वाळवंटात थंडीच्या दिवसांत निवळलेलं आभाळ म्हणजे वैरी. ढग असले तर ती पांघरुणं. ते गेले की जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते. सकाळी मी बिनबाह्यांच्या झग्यात कपडे वाळत घातले होते आणि आता माझी बोटं पिशवीच्या बंदाला चिकटली होती.

मी पिशव्या स्वयंपाकघरात ठेवल्या आणि पुन्हा बाहेर आले. दुधाची बाटली टेबलावर तशीच. काय करावं ते सुचेना. मला कधीच वेळेवर सुचत नाही. मला बघायला येतं. बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही! जूनमध्ये, जेव्हा दुपारी फाटकाची कडी हाताला भाजते, तेव्हा मी पडवीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते आणि बघते, हमिंगबर्ड चोच उघडी टाकून कूलरच्या गळत्या नळीखाली कशी बसते, एका थेंबाची वाट बघत. तेव्हाच सग्वारोच्या लाल फळांवर पारव्यांचा नुसता गोंगाट असतो. मग जुलैत एखाद्या दुपारी दक्षिणेकडून धुळीची भिंत येते, दारंखिडक्या लावेपर्यंत दातांखाली रेती, आणि तिच्यामागून पाऊस, आणि पावसाआधी वाळवंटातल्या कडू झुडपांचा वास, ज्याच्यासाठी मी एल पासोत नवऱ्याशी भांडले होते, की तिकडचा वास वेगळा आणि आमच्याकडचा वेगळा. त्या धो धो पावसात मी एका नराला तारेवर बसून शेपटी पसरून आंघोळ करताना पाहिलंय. सगळी पाखरं दडलेली, आणि हा एवढासा शहाणा न्हातोय! सप्टेंबरात रात्री वटवाघळं येऊन साखरपाण्याची बाटली चाटूनपुसून रिकामी करतात, म्हणून अंधार पडला की बाटली घरात. थंडीत ती गोठते, म्हणून पुन्हा घरात. सुतारपक्षी पहाटे कूलरच्या पत्र्यावर ठोकून बायकोला सांगतो की बघ, माझ्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा आहे का. निवडुंगात घरटं करणारी रेन चिमणी म्हणजे सकाळी चालू न होणारी जुनी गाडी, अगदी तोच आवाज. चेलो म्हणायची, तुला त्या पाखरांचं सगळं कळतं, घरातलं दूध उतू गेलेलं कळत नाही. खरं होतं. पण ऑक्टोबरनंतर, जेव्हा घरात आवाज म्हणून उरला नव्हता, तेव्हा मी त्या बाटलीपाशी जाऊन उभी राहायची. पंखांचा घुम्म आवाज कानापाशी आला की वाटायचं, चला, कुणीतरी घाईत आहे, कुणालातरी अजून कामं आहेत.

आणि जानेवारीत लिंबू तोडायला फांदी वाकवली तर घरटं. अर्ध्या लिंबाएवढं. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं, आतून कापूस. ती जाळी आमच्याच पडवीतली. चेलो धडधाकट असती तर रोज झाडूनं काढली असती. चेलो पडली, जाळी वाढली, आणि ही बया त्यांचे धागे गोळा करून आमच्याच झाडावर घर बांधून बसली. मी चेलोला अवाक्षर बोलले नाही. कसं बोलणार? या घरात त्या पाखराचं नाव निघत नाही. आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांत तिला चुपारोसा म्हणतात, गुलाब चोखणारी. चेलो म्हणते "तुझ्या त्या माश्या."

त्याला कारण आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. चेलोचं लग्न इलारियोशी ठरलं होतं, आणि ती रोज संध्याकाळी खिडकीत बसून चादर भरायची, एकेक गुलाब, पाकळी पाकळी. मग इलारियो उत्तरेला तांब्याच्या खाणीवर कामाला गेला. पत्रं आधी लांब होती, मग आखूड झाली. तेव्हा आमच्या एउलालिया मावशीनं एक लाल पिशवी आणून दिली. पिशवीत एक सुकवलेली चुपारोसा, लाल रेशमानं गुंडाळलेली. उशीत शिवून ठेव, म्हणाली, माणूस कुठं जात नाही. ही जुनी रीत आहे, अजूनही काही बायका करतात. चेलोनं ठेवली. मी चोरून उशी उसवली, रेशीम सोडलं आणि ते पाखरू खिडकीतल्या उन्हात धरलं. आणि काय सांगू! मेलेलं, वाळलेलं, पण ऊन पडल्याबरोबर त्याचा गळा पेटला, जांभळा, लाल, पुन्हा काळा, पुन्हा लाल. मी ते फिरवत बसले, जेवायला हाका मारल्या तरी. पुढच्याच महिन्यात कळलं की इलारियोनं तिथल्याच खानावळवालीच्या मुलीशी लग्न केलं. चेलो रडली नाही. उशी फाडली, पिशवी चुलीत घातली आणि चादर पेटीत. एकाच पाखरानं एका बहिणीला आयुष्यभराचं वेड लावलं आणि दुसरीच्या मनात आयुष्यभराची अढी बसवली. तिनं पुढं लग्न केलंच नाही. मागण्या आल्या, तिनं उंबऱ्यावरून परत पाठवल्या.

"फीना! आज सगळं गोठणार म्हणे!" भिंतीपलीकडून आर्लीन ओरडली, आनंदानं. आर्लीन लुंडक्विस्ट मिनेसोटाची. इथं येऊन वीस वर्षं झाली तरी फेब्रुवारीत अर्ध्या चड्डीत हिंडते. "आमच्याकडे असल्या हवेला वसंत म्हणायचे! मस्त झाकलीत की लिंबोणी. आणि चादर काय सुंदर! गारठ्यात घालतात का गं असली चादर?"

मी भिंतीपाशी गेले आणि हळूच विचारलं, "आर्लीन, हमिंगबर्डची पिलं आईशिवाय रात्र काढतात का?"

"पिसं आलीयेत?"

"नाही."

"मग नाही गं." तिचा आवाज उतरला. मग तिनं चादरीकडे पाहिलं, तारेवरच्या पाखराकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. "अगं, मग काढ ना ती! अंधार पडायच्या आत काढ. झाडाचं काय, झाड फुटेल पुन्हा."

फुटेल म्हणे. हिला काय जातंय बोलायला! मी मागं वळले तर चेलो आमच्याकडेच बघत होती, आणि तिचा डावा हात उजव्या हाताला चोळत होता. त्या हातानं काहीही केलेलं नव्हतं, सगळं डाव्यानं आणि दातांनी, पण ती त्यालाही शाबासकी देत असावी. मला वाटलं, मी ही चादर ओढली तर चार महिन्यांत तिनं केलेली एकुलती एक गोष्ट मी ओढून फेकीन. उद्या झाड काळं पडलेलं असेल आणि चेलो पुन्हा भिंतीकडे वळेल, आणि या वेळी परत फिरणार नाही. नाही ओढली तर आत दोन शेंगदाण्याएवढे जीव थिजून जातील आणि त्यांची आई बाहेर, गुलाबांना विचारत. मी झाडापाशी गेले. चिमट्याला हात लावला.

"हात लावू नकोस!"

"कोपरा नीट करतेय."

"कोपरा नीट आहे. मी केलाय."

मी तरी खालची कड जरा उचलून धरली. वेडी आशा, की ती खालून शिरेल. ती खाली बघेचना. तिचा रस्ता एकच होता, मी रोज बघत होते: तारेवरून सरळ, उतरत, बाहेरच्या फांदीवर. खालून येणं तिला ठाऊकच नव्हतं. ती पुन्हा आली, पुन्हा त्याच गुलाबासमोर उभी राहिली, आणि तिच्या पंखांच्या वाऱ्यानं कापड जरासं हललं. डोंगरांवर शेवटचं गुलाबी ऊन चढलं होतं, म्हणजे इथं खाली आता फार वेळ नव्हता. साठी उलटली तरी मी थोरल्या बहिणीला घाबरते, हे मला त्या वेळी इतकं लख्ख कळलं की स्वतःचाच राग आला. नवऱ्याला मी कधी घाबरले नाही. सासूला नाही. आणि ही एका हाताची म्हातारी!

"चेलो," मी म्हटलं, "चादर काढावी लागेल."

"का?"

"आत घरटं आहे. चुपारोसाचं."

ते नाव या परसात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आर्लीन भिंतीपलीकडे होती ती चटकन दिसेनाशी झाली, पण गेली नसणार.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू काढून फेकलं असतंस."

"फेकलंच असतं." ती थांबली. "झाड मरेल, फीना. आज रात्री उघडं राहिलं तर मरेल. आता माझ्यानं तीन उन्हाळे पाणी घालणं व्हायचं नाही."

"मला माहितीये."

"माहितीये तर मग?"

"तर मग काय! आत दोन पिलं आहेत, चेलो! आणि त्यांची आई दार शोधतेय आणि मला बघवत नाही!" मी ओरडले. खरंच ओरडले, परसाच्या मधोमध. कुठंतरी दोन लावे भुर्रकन उडाले.

चेलोनं पहिल्यांदाच त्या पाखराकडे नीट पाहिलं. एरवी ती मान फिरवायची. पाखरू गुलाबाजवळ गेलं, चोच टेकवली, मागं आलं. पुन्हा गेलं. "काय करतेय ती?"

"सांगितलं ना. दार शोधतेय."

"माझ्या गुलाबांत?"

"तिचं घर तिथंच होतं. ती परत परत तिथंच येणार."

मला तिची खिडकी आठवली, पुढच्या खोलीतली, जिथं ती चादर भरत बसायची; इलारियोची बातमी आल्यावरही ती संध्याकाळ झाली की त्या खिडकीत जाऊन बसायची, हातात काही नसताना, रस्त्याकडे बघत. किती महिने ते कुणी मोजलं नाही. तिलाही तेच आठवलं की काय कोण जाणे. पण तिचा चेहरा हलला.

"मूर्ख पाखरू," ती म्हणाली. मग म्हणाली, "कात्री आण."

"कसली?"

"मोठी. माझी. आणि माझा चष्मा. बघतेस काय, अंधार पडतोय!"

मी धावले. किती वर्षांनी धावले! कात्री आणि चष्मा घेऊन आले तेव्हा ती खुर्ची सोडून उभी होती आणि खांब धरून पायरी उतरत होती. मी खांद्याचा आधार दिला. झाडापाशी आलो. पाखरू तारेवर गेलं आणि टिक टिक टिक करून रागावू लागलं.

"घरटं कुठाय? आतून बोट लाव."

मी चादरीच्या कडेखालून हात आत घातला. आत दिव्यांची ऊब होती, लिंबाच्या पानांचा वास होता. फांदी चाचपली, घरटं बोटाला लागलं, आणि आत काहीतरी वळवळलं, ओलं, गरम. मी बोट वर नेऊन कापडाला टेकवलं. बाहेरून चेलोला माझ्या बोटाचा उंचवटा दिसला असणार, कारण ती म्हणाली, "हा होय." आणि मग म्हणाली, "हा शेवटचा. याची एक पाकळी राहिलीये."

मी हात काढून बघितलं. खरंच. त्या एकाच गुलाबाला एक पाकळी नव्हती, पेन्सिलीची फिकट रेघ तेवढी उरली होती.

चेलोनं डाव्या हातानं कात्री घेतली आणि तिची कडी उजव्या हाताच्या बोटांत अडकवू लागली. अंगठा गेला. बोटं जाईनात. मी म्हटलं, "दे इकडे, मी कापते." तर म्हणाली, "चादर तुझी आहे? मग ताणून धर आणि गप्प बस." मी ताणून धरली. तिनं डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून कडीत सारली, बूट घालतात तशी. पातं कापडाला लावलं. काहीच झालं नाही. तिचं कपाळ घामेजलं, त्या थंडीत. ओठ दातांखाली. मी तिच्या बोटांकडे बघत होते, आणि मग, आई शप्पत सांगते, ती बोटं मिटली. कर्रर्र. पात्यांच्या मधे कापड तुटलं. तिनं डाव्या हातानं कात्री उघडली आणि उजव्यानं मिटली. पुन्हा. पुन्हा. वेडंवाकडं, कुरतडल्यासारखं, पण गोल. मला पाखराचा विसर पडला, पिलांचा पडला, मी नुसती तो हात बघत होते, चार महिने मांडीवर बसलेला पाहुणा, आणि आता घरच्यासारखा राबत होता! आर्लीनचं डोकं भिंतीवर पुन्हा आलं होतं आणि ती तोंडावर हात ठेवून उभी होती. शेवटचा धागा तुटला आणि अर्धवट गुलाब चेलोच्या तळहातात पडला. त्या जागी एक भोक उरलं, आणि भोकाच्या पलीकडे, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, घरट्याची कड.

"चल मागं," चेलो म्हणाली. "आपण इथं उभ्या राहिलो तर ती यायची नाही." जसं काही आयुष्यभर पाखरंच बघत आली होती!

आम्ही पडवीत बसलो, एका घोंगडीत दोघी. डोंगर गुलाबीचे जांभळे झाले. भिंतीवर थ्रॅशर पाखरानं शीळ घातली, माणूस कुणाला तरी हाक मारतो तशी, आणि मग तोही गप्प झाला. पाखरू आलं. गुलाबाच्या जागी भोक बघून दचकलं, मागं हटलं, तारेवर गेलं. चेलोनं माझा दंड धरला, उजव्या हातानं. पकड कच्ची होती, पण होती. पाखरू पुन्हा आलं. भोकासमोर उभं राहिलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आत चोच घातली, काढली. "जा ना गं बाई," चेलो पुटपुटली, "जा, कुणी नाही आत दुसरं." आता नीट दिसतही नव्हतं, नुसता पंखांचा आवाज. मग तो थांबला.

"गेली?" चेलोनं विचारलं.

मी पुढं वाकून बघितलं. भोकात, पिवळ्या उजेडावर, एक छोटी सावली पसरून बसली होती आणि तिची शेपटी कापडाच्या कडेबाहेर आली होती.

"गेली!"

"गेली?" भिंतीपलीकडून आर्लीन ओरडली.

"गेली, गेली गं!" मी ओरडले, आणि आर्लीन टाळ्या पिटत, मिनेसोटातलं कसलंसं गाणं म्हणत आपल्या परसात नाचायला लागली, अर्ध्या चड्डीत, त्या गारठ्यात. चेलो हसली. मोठ्यानं. तो आवाज मी विसरलेच होते. मला रडू आलं, तर म्हणाली, "रड, रड. रस्सा अजून व्हायचाय, मीठ लागेल."

सकाळी मला उठायला उशीर झाला असं वाटलं, कारण मागचं दार उघडं होतं. चेलो पडवीत होती, दोन स्वेटर एकावर एक. डोंगर वरपासून खालपर्यंत पांढरे झाले होते. पाखरांच्या पाण्याचं ताट दगडासारखं गोठलेलं, आणि चादर कडक होऊन झाडावर उभी. मी कोमट साखरपाणी भरून बाटली टांगली, बोटं फुंकत परत आले आणि तिच्याशेजारी उभी राहिले. आम्ही दोघी त्या भोकाकडे बघत राहिलो. ऊन भिंतीवर आलं, भिंतीवरून निवडुंगांच्या पेल्यांच्या टोप्यांवर आलं, तिथून चादरीवर. आधी चोच आली. मग डोकं. मग एकदम सगळी तीच, बाहेर, उन्हात, सरळ बाटलीवर. आणि प्यायली म्हणजे किती प्यायली! मी पळत झाडाकडे गेले, भोकाला डोळा लावला. दोन चोची. दोन्ही वर, दोन्ही उघड्या. हात आत घालून पानं चाचपली; मऊ, जिवंत, एकही कुरकुरलं नाही.

"आहेत का?" चेलोनं विचारलं.

"दोन्ही! आणि झाडही!"

तिनं मान हलवली, जसं काही तिला हे ठाऊकच होतं. मग हातातला कापडाचा गुलाब उलटसुलट करत म्हणाली, "तो रबरी चेंडू कुठं ठेवलास?"

"कुत्र्याला दिला."

"आपल्याकडे कुत्रा नाहीये."

"स्वयंपाकघरात आहे, खिडकीत," मी म्हटलं. "ऊन आलंय, चेलो. चादर काढायची ना आता? झाडाला हवा लागायला हवी."

"बाजूच्या कडा उचलून बांध. पण ती जागा हलवू नकोस," ती म्हणाली. पाखरू तिच्या डोक्यावरून घुम्म करत गेलं, तारेवर टेकलं, आणि तिथून उतरत, सरळ भोकात. चेलोनं या वेळी मान फिरवली नाही. "इतकी वर्षं पेटीत जपली ती. शेवटी नांदायला आलं कुणीतरी."